भाऊ, तुम्हीच भरा: सेवा केंद्र चालवताना या चुका टाळा

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात सकाळपासूनच रांग लागते. कुणाची केवायसी, कुणाचा पीक विमा, पोरांची स्कॉलरशिप, आजीचे निराधारचे पैसे. समोरचा माणूस पिशवीतून आधार, पासबुक, सातबारा काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, तुम्हीच भरा." एवढ्या भरवशाने दिलेली माहिती घाईघाईच्या सवयींमुळे फुटते. त्या सवयी बदलायला खर्च जवळजवळ लागत नाही.

काम झाल्यावरही कागद आपल्याकडेच ठेवणं

ग्राहक आधारचा फोटो केंद्रचालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, प्रिंट निघते, माणूस घरी जातो. फोटो मात्र चार ठिकाणी उरतो: चॅटमध्ये, फोनच्या गॅलरीत, गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये आणि संगणकाच्या डाउनलोड्समध्ये. चॅट पुसली तरी बाकीच्या ठिकाणी तो तसाच राहू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' इथे फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा. 'चॅट्स'मध्ये मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा. गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप बंद करा. हे झाल्यावरच २४ तासांत मेसेज आपोआप जाण्याची सोय लावा, कारण फोनमध्ये आधीच उतरलेला फोटो ती सोय पुसत नाही. रोज केंद्र बंद करताना डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि स्कॅनरचं फोल्डर शिफ्ट-डिलीटने रिकामं करा. जुना संगणक विकताना विंडोजच्या 'रीसेट'मध्ये सगळं काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. साध्या क्विक फॉरमॅटनंतर फायली परत काढता येतात.

"पुढच्या वर्षी पुन्हा लागेल" म्हणून पासबुकाची प्रत जपून ठेवणारे बरेच आहेत. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. त्याआधीची प्रत पाहून आज अर्ज भरला तर बँकेचं नावच चुकतं. दरवेळी ताजा कागद मागणं ग्राहकाच्याही भल्याचं आहे.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष, एवढाच तो पासवर्ड असतो. ज्याला नाव आणि वय ठाऊक, त्याला तो उघडता येतो. पूर्ण आधार क्रमांक लागत नसेल तिथे फक्त शेवटचे ४ अंक दाखवणारं मास्क केलेलं आधार द्या.

अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकणं

ओटीपी पटकन मिळतो म्हणून हे केलं जातं. पुढे अर्जात त्रुटी निघाली की मेसेज शेतकऱ्याला येतच नाही आणि दुरुस्तीची तारीख निघून जाते. शिवाय आपण ते सिम बंद केलं तर तोच नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. ग्राहकाकडे फोन नसेल तर त्याला विचारून घरातल्याच कुणाचा नंबर टाका.

अंगठा जुळेना म्हणून लावतच राहणं

कापूस वेचणीच्या दिवसांत हा त्रास हमखास होतो. बोंडाची सुकलेली टोकं बोटांना रुततात, कातडी चिरते, रेघा पुसट होतात. स्कॅनरवर धूळ असेल तर आणखीच अडतं. काच मऊ कोरड्या कापडाने पुसा. ग्राहकाला हात धुवून नीट पुसायला लावा. तरी जुळलं नाही तर मधलं बोट किंवा करंगळीशेजारचं बोट लावून पाहा.

पैसे काढताना मात्र आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा. 'बायोमेट्रिक जुळलं नाही' असं असेल तर पैसे कापले गेलेले नसतात, दुसरं बोट लावता येतं. 'टाइमआउट' किंवा 'बँकेकडून उत्तर नाही' असं असेल तर तिथेच थांबा. अंगठा जुळून खात्यातून पैसे वजा झालेले असू शकतात, फक्त उत्तर अडकलेलं असतं. अशा वेळी पुन्हा अंगठा लावला तर दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक (आरआरएन) लिहून घ्या, शिल्लक तपासा, फसलेल्या व्यवहाराचीही पावती द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई मिळते. हे ग्राहकाला सांगा. त्याला माहीत नसेल तर तो मागणार तरी कसा?

अंगठा कशासाठी घेताय ते दरवेळी मोठ्याने सांगा: "काकाजी, हा केवायसीचा." "हा २,००० रुपये काढायचा." स्क्रीन ग्राहकाच्या बाजूला फिरवा. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती याच पद्धतीने घेता येते.

क्रॅक केलेलं विंडोज

क्रॅक म्हणजे परवाना विकत न घेता सॉफ्टवेअर चालवण्याची चोरवाट. ती टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच वेळी पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत शिरू शकतो. मग केंद्राच्या लॉगिनवरून कुणी दुसराच काम करतो आणि नाव आपलं येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. अर्ज आणि टायपिंगला विंडोजऐवजी उबुंटू आणि त्यावर लिबरऑफिस फुकट चालतात. अंगठ्याचं यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्राम, म्हणजे आरडी सर्व्हिस, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवरच मिळतो, म्हणून ते यंत्र ओटीजी वायरने अँड्रॉइड फोनला जोडा.

दूध संस्था, जिनिंग, पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी

तोंडी बोलीवर काम घेऊ नका. पैसे दिले म्हणून कोडची मालकी संस्थेची होत नाही. बनवणारा पगारी नोकर नसेल तर हक्क लेखी द्यावा लागतो, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते. डेमोत खऱ्या सभासदांची यादी दाखवू नका, खोटी नावं भरा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती कशासाठी घेतो याची सूचना मराठीत वाचण्याची सोय त्यात बंधनकारक आहे, म्हणून ती आत्ताच स्क्रीनवर ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. सुरक्षा न राखल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० वर फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि बँकेत लेखी कळवून पोच घ्या. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. केंद्राच्या संगणकावरून चोरी झाल्याची शंका असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि पोलीस पाहीपर्यंत काहीही पुसू नका. ग्राहकाच्या आधारचं बायोमेट्रिक मायआधार संकेतस्थळावर त्याच दिवशी लॉक करून द्या. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायला सांगा.