विद्यापीठाचे अ‍ॅडोबी लायसन्स वापरताना कर्मचाऱ्यांनी या चुका टाळा

विद्यापीठाने अ‍ॅडोबीशी करार केला, परिपत्रक निघाले, तुम्ही क्रिएटिव्ह क्लाउड (फोटोशॉपसारखे प्रोग्राम ज्यातून मिळतात ते अ‍ॅप) उतरवून घेतले. फोटोशॉप उघडते, पण 'ट्रायल' संपत आल्याची सूचना येत राहते. मग 'लायसन्स मिळालेच नाही' अशी तक्रार आयटी विभागाकडे जाते. खरे म्हणजे लायसन्स बहुतेक वेळा मिळालेले असते, तुम्ही चुकीच्या खात्यातून आत गेलेले असता.

हे लायसन्स संगणकाला मिळत नाही आणि तुम्हाला व्यक्ती म्हणूनही मिळत नाही. ते विद्यापीठाने तुम्हाला दिलेल्या खात्याला जोडलेले असते. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

सीरियल नंबर शोधत बसू नका

सीडी आणि सीरियल नंबरचा जमाना २०१२ च्या सीएस-६ (क्रिएटिव्ह सूट ६) या संचाबरोबर संपला. पुढच्या वर्षापासून अ‍ॅडोबीने फोटोशॉपसारख्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर दिल्या. त्यामुळे आता नंबर टाकायचा नसतो, विद्यापीठाच्या ईमेलने लॉगिन करायचे असते.

गोंधळ होतो तो त्या ईमेलवर. तुम्ही पूर्वी कधीतरी त्याच पत्त्यावर अ‍ॅडोबीचे मोफत खाते उघडलेले असेल, तर लॉगिन करताना दोन पर्याय दिसतात: 'पर्सनल अकाउंट' आणि 'कंपनी ऑर स्कूल अकाउंट'. दुसरा निवडा. त्यानंतर बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचे स्वतःचे लॉगिन पान उघडते. ते न उघडता अ‍ॅडोबीचाच पासवर्ड विचारला गेला, तर वाट चुकली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ब्राउझर बंद करून भागत नाही. क्रिएटिव्ह क्लाउड अ‍ॅपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक करून तिथून साइन आउट करा आणि मग पुन्हा आत या. एकाच खात्यात वैयक्तिक आणि संस्थेचे अशी दोन प्रोफाइल दिसत असतील, तर संस्थेचे निवडा.

काहींचे दोन पत्ते असतात, एक नावाचा आणि एक विभागाचा. लायसन्स यांपैकी कोणत्या पत्त्याला जोडले आहे, हे आधी विचारून घ्या.

आपोआप मिळेल असे गृहीत धरू नका

काही विद्यापीठे सगळ्या कर्मचाऱ्यांना लायसन्स देतात. काही ठिकाणी मात्र अर्ज, विभागप्रमुखांची मान्यता आणि कधी विभागाच्या अंदाजपत्रकातून रक्कम, असा मार्ग असतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते. ईमेल मिळालेला असतो, पण 'कर्मचारी' गटात नाव असेलच असे नाही. परदेशातल्या विद्यापीठात पीएचडी करता करता शिकवणाऱ्या मराठी मुलांचेही तसेच: प्रणालीला ते विद्यार्थी दिसतात. अर्जात आपले पद स्पष्ट लिहा. फक्त पीडीएफची पाने जोडायची किंवा फॉर्म तयार करायचा असेल, तर अ‍ॅक्रोबॅटपुरते मागा. पूर्ण संचापेक्षा ते लवकर मंजूर होण्याची शक्यता अधिक.

आणि मंजुरीला उशीर होतो म्हणून घाईने स्वतःच्या कार्डावर वर्षाची योजना घेऊ नका. वार्षिक करार करून पैसे दरमहा भरण्याच्या योजनेत पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द केले, तर अमेरिकेत उरलेल्या रकमेच्या निम्मे शुल्क लागत असे. हे शुल्क लपवले आणि रद्द करणे अवघड केले, या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीविरुद्ध दावाही दाखल केला. परिपत्रकाची थोडी वाट पाहणे स्वस्त पडते.

जुनी क्रॅक कॉपी आणि नवे लायसन्स

याविषयी उघड बोलले पाहिजे, कारण अडचण खरी आहे. आपल्याकडच्या कित्येक संगणकांवर कधीतरी क्रॅक केलेले, म्हणजे लायसन्सची अट फोडून फुकट चालवलेले फोटोशॉप टाकले गेले आहे. अशी कॉपी टाकताना अ‍ॅडोबीच्या सर्व्हरचा रस्ता बंद करण्यासाठी विंडोजच्या 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये ओळी घातल्या जातात. क्रॅक कॉपी काढली, तरी त्या ओळी तशाच राहतात. मग अस्सल लायसन्स असूनही प्रोग्रामला सर्व्हर सापडत नाही आणि लॉगिन फिरत राहते. आयटी विभागाला हे न लाजता सांगा. त्या ओळी काढणे त्यांना काही मिनिटांचे काम असते. अर्धवट राहिलेले जुने इन्स्टॉलेशन साफ करायला अ‍ॅडोबीचे स्वतःचे 'क्लीनर टूल' आहे. ते वापरा, इतरत्रची साधने नकोत.

क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये अ‍ॅप्सची यादीच दिसत नसेल, तर ती बिघाडाची खूण नाही. कर्मचाऱ्यांनी स्वतः इन्स्टॉल करू नये असे विद्यापीठाने ठरवलेले असू शकते. अशा वेळी विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर पोर्टलवरूनच घ्या.

तिसरा संगणक

एका खात्याने एका वेळी दोन संगणकांवर साइन इन राहता येते. तिसऱ्यावर गेलात, की आधीच्यांपैकी एक सोडायला सांगितले जाते. घरच्या संगणकावर टाकण्याची परवानगी आणि बाहेरच्या व्यावसायिक कामांची मुभा विद्यापीठाच्या धोरणावर ठरते, तेव्हा ते वाचा. प्रयोगशाळेतल्या संगणकांची व्यवस्था वेगळी: तिथले लायसन्स त्या यंत्राचे असते. उठताना साइन आउट मात्र कराच.

मराठी तुटते म्हणून पुन्हा इन्स्टॉल करू नका

विद्यापीठाच्या वार्षिक अंकाचे काम करणाऱ्यांचा हा सर्वांत मोठा मनस्ताप. पानांची मांडणी करण्याच्या इनडिझाइनमध्ये युनिकोड (आज सगळीकडे चालणाऱ्या सामायिक संकेताचा) मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. 'शिक्षणाच्या लायसन्समध्ये मराठी नसते' असा समज पसरतो आणि सगळे काढून पुन्हा टाकले जाते. लायसन्सचा इथे काही दोष नाही. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा, अक्षरे जागेवर येतात. कोणतीही फाइल उघडी नसताना ही निवड केली, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला ती लागू राहते. चित्ररेखाटनाच्या इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या 'टाइप' विभागात जाऊन 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करावे लागते.

श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर हा वेगळा विषय. त्यात अक्षरांच्या जागी इतर चिन्हांचे कोड साठवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग नीट वाचून तपासा. रफार आणि जोडाक्षरे रूपांतरात हमखास चुकतात.

फॉन्ट निवडताना पुढच्या संपादकाचा विचार करा, हे माझे आग्रहाचे सांगणे. अ‍ॅडोबी फॉन्ट्समधून चालू केलेले फॉन्ट 'पॅकेज' करताना (म्हणजे फाइल, चित्रे आणि फॉन्ट एकत्र बांधताना) फाइलसोबत जात नाहीत आणि लायसन्स संपले की बंद होतात. संस्थेच्या अंकासाठी 'मुक्त'सारखा खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्ट वापरला, तर पुढच्या वर्षी अंक कोणाच्याही संगणकावर जसाच्या तसा उघडेल.

नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना

खाते बंद झाले, की लायसन्स जाते आणि क्लाउडवरच्या फाइलींची वाटही बंद होते. फोटोशॉप फाइल जतन करताना पहिला पर्याय अनेकदा क्लाउडचा येतो. तिथल्या फाइलीचे नाव 'पीएसडीसी'ने संपते आणि तिची प्रत तुमच्या डिस्कवर असेलच असे नाही. महत्त्वाच्या फाइली 'सेव्ह अ‍ॅज' करून साध्या पीएसडीत संगणकावर उतरवा. इनडिझाइनच्या फाइलींची आयडीएमएल प्रतही काढा, म्हणजे जुन्या आवृत्तीतही त्या उघडतील. कार्यालयाचे काम विभागाच्या ड्राइव्हवर ठेवा आणि कोणाकडे सोपवले ते लिहून द्या.

फोटोंच्या बाबतीत जास्त सावध राहा. लाइटरूम क्लासिकमध्ये मूळ फोटो तुमच्याच डिस्कवर असतात. नुसत्या 'लाइटरूम'मध्ये ते सहसा क्लाउडवर जातात. पदवीदानाचे, संशोधनाच्या क्षेत्रभेटींचे वर्षानुवर्षांचे फोटो तिथे असतील, तर ते उतरवायला कार्यालयाच्या इंटरनेटवर अनेक दिवस जाऊ शकतात. खाते बंद होण्याची तारीख आयटी विभागाकडून लेखी घ्या आणि हे काम तिच्या महिनाभर आधी सुरू करा.