फक्त जवळपासचंच खायचं ठरवलंय? या चुका टाळा

आमची पहिली चूक मुहूर्ताची. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला ठरवलं, की पुण्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत पिकतं तेवढंच घरात शिजवायचं. पाडव्यानंतर ऊन तापलं, पालेभाज्या रोडावल्या आणि मे महिन्यात आम्ही वांगी, गवार आणि पुन्हा वांगी यांवर आलो. सुरुवात दिवाळीनंतर करा. तेव्हा मावळातला नवा इंद्रायणी तांदूळ येतो, भाज्याही मुबलक असतात. पाडवा चांगला तो ज्वारी भरायला.

दुसरी चूक म्हणजे एका दिवसात सगळं बंद करणं. मी मिसळणाचा डबा उघडून बसले: मोहरी राजस्थानची, जिरं गुजरातचं, हिंग तर थेट अफगाणिस्तानचा. सासूबाई म्हणाल्या, "मग फोडणी कशाची घालू, हट्टाची?" तेव्हापासून चहा, मोहरी, जिरं, हिंग यांना माफी आहे. मिठाच्या बाबतीत तर मुळीच अडून बसू नका. रायगडच्या मिठागरातलं खडे मीठ अंतरात बसतं, पण त्यात वरून आयोडीन घातलेलं नसतं. ते लोणच्याला ठेवा, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच वापरा.

सगळ्यात जास्त फसलो ते 'गावठी' या पाटीला.

"भाजी कुठली?"

"मार्केट यार्डातली, ताई. एकदम गावठी."

मार्केट यार्डात आग्र्याचा बटाटाही उतरतो आणि मध्य प्रदेशचा लसूणही. त्यामुळे 'कुठली' विचारून भागत नाही. 'कोणत्या गावची, कधी तोडली?' असं विचारा. स्वतः पिकवणारा पटकन सांगतो. त्याच्यापुढे तीन-चारच भाज्या असतात, मेथीची पानं थोडी किडकी असतात आणि दहा वाजता तो उठून गेलेला असतो. बारा महिने फ्लॉवर, मटार, सिमला मिरची मांडून बसणारा शेतकरी नव्हे. मटाराचं तर उलटंच आहे. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात येतो. थंडीत स्वस्त मिळणारा बराचसा बाहेरच्या राज्यातला असतो. आम्ही वर्षभर हिवाळ्याची वाट बघत होतो, आणि ऑगस्टमध्ये आपला वाटाणा येऊन गेलासुद्धा. आणि जवळचं म्हणजे बिनफवारणीचं, असं धरून चालू नका. फवारणीचं वेगळं विचारावं लागतं.

पोळी बंद करून भाकरी सुरू केली तेव्हा घरात खरं बंड झालं. भाकरी थापतानाच कडेनं चिरायची, तव्यावर टाकताना तुटायची, आणि मुलं ताटातल्या तुकड्यांचा नकाशा जुळवत बसायची. मी ज्वारीला नावं ठेवत होते. दोष पिठाचा निघाला: महिन्याचं एकदम दळून आणलं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती. आता आठवड्यापुरतंच दळते. तरी पीठ जुनं वाटलं तर उकळत्या पाण्यात थोडी उकड काढून मळते, म्हणजे चिरत नाही. ज्वारी शिरूर-श्रीगोंद्याकडची मिळते, सोलापूरपर्यंत जावं लागत नाही. पोळीही आठवड्यातून तीनदा परत आली. मुलं जेवली नाहीत तर ज्वारी कुठली का असेना.

घाण्याचं तेल शेजारच्या गल्लीत काढलेलं असलं, तरी शेंगदाणा शेजारचा असतोच असं नाही. आमच्या घाण्यावर पोतं बघितलं, गुजरातचं निघालं.

आषाढी एकादशीला साबुदाणा भिजत घातल्यावर धाकट्यानं पाकीट वाचलं: सेलम, तमिळनाडू. सासूबाईंचा पन्नास वर्षांचा उपास एका पाकिटानं अडचणीत आला. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हा उपाय त्यांनीच काढला. वरी आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर पिकते. खिचडी मात्र त्यांनी सोडली नाही, आणि आम्हीही पुन्हा पाकीट वाचलं नाही.

या वर्षी मेची तयारी आधीच केली आहे. कोहळ्याचे सांडगे, वाळवलेली गवार आणि मोड आणायला मटकी-हुलगे भरपूर. बिस्किटांचं कोडं अजून सुटलेलं नाही. पुड्यावर पामतेल लिहिलंय, ते कुठून येतं हे मोठीला ठाऊक आहे, आणि ती ते धाकट्याला सांगत नाही.