एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कसाठी एजन्सी कशी निवडावी

प्रवेशाची गडबड संपली की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) वर्गात एकच विषय चालतो: फील्डवर्कसाठी कुणाला कुठली एजन्सी, म्हणजे संस्था, लागली. मोठ्या नावाची संस्था मिळालेली पोरं खुशीत असतात, वस्तीतली दोन खोल्यांची संस्था मिळालेली तोंड पाडून बसतात. मीही तशीच बसले होते. आता विद्यार्थी माझ्याकडे फील्डवर्कला येतात. संस्थेच्या पाटीवरून काहीच कळत नाही, हे मला पटलंय. तुमचं रेकॉर्डिंग, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, कोण वाचणार, आणि तुम्हाला माणसांशी बोलायला मिळणार की नाही, हे दोन प्रश्न मात्र आधीच विचारायला हवेत.

फील्डवर्क म्हणजे आठवड्याचे दोन दिवस, बहुतेक ठिकाणी साधारण १५ तास. वर्गातलं केसवर्क-ग्रुपवर्क (एकेका व्यक्तीसोबत आणि गटासोबत काम करण्याच्या पद्धती) परीक्षेनंतर विसरतं, हे तास विसरत नाहीत. म्हणून निवडीवर आठवडाभर डोकं घालवलं तर ते वाया जात नाही.

आधी निवड कोण करतं ते विचारा

बऱ्याच कॉलेजांत एजन्सी तुम्ही निवडत नाही. फील्डवर्क कोऑर्डिनेटर यादी लावतात आणि तुम्ही फक्त पसंतीचा फॉर्म भरता. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन आलं की थोडी मोकळीक मिळते आणि शेवटच्या ब्लॉक प्लेसमेंटला (सलग काही आठवडे एकाच संस्थेत पूर्णवेळ काम) सगळ्यात जास्त. यादी भिंतीवर लागल्यावर केबिनबाहेर रांग लावण्यात अर्थ नसतो. कोऑर्डिनेटरना त्याआधी भेटा.

सीनियरला ‘संस्था कशी आहे’ असं विचारू नका

त्याचं उत्तर ‘चांगली आहे’ एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: गेल्या मंगळवारी तू तिथे दिवसभर काय केलंस? सकाळी हजेरीवर सही, मग लाभार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये, दुपारी कार्यक्रमाचे फोटो, असं उत्तर आलं तर समजून जा. माझ्या पहिल्या सत्राचे दोन महिने असेच गेले. देणगीदार येणार म्हणून आम्ही दोघींनी संस्थेच्या दारात रांगोळी काढली आणि कॉलेजच्या रिपोर्टमध्ये त्याला ‘समुदाय संघटन’ म्हटलं. ते खपलंही.

ओरिएंटेशन व्हिजिटला डोळे उघडे ठेवा

पहिल्या सत्रात कॉलेज वेगवेगळ्या संस्थांना भेटी घडवतं. तिथे पीपीटी दाखवतात, माहितीपत्रक देतात, चहा पाजतात. पीपीटी संपली की मागे रेंगाळा. मदतीसाठी आलेली बाई कुठे बसते? तिच्याशी खासगीत बोलायला एखादी खोली आहे, की चार टेबलांच्या मध्ये सगळ्यांसमोर नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट सांगावी लागते? कर्मचारी तिला नावाने हाक मारतात की ‘ती केस’ म्हणतात? प्रश्नोत्तरांच्या तासापेक्षा या पाच मिनिटांत जास्त कळतं.

सुपरवायझरला सरळ प्रश्न विचारा

एजन्सीतला सुपरवायझर समाजकार्य शिकलेला आहे का, आठवड्यातून एकदा तुमच्यासोबत बसणार का, पहिल्या महिन्यात तुम्हाला कुणाला भेटू देणार, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘तुम्ही या, मग बघू’ असं उत्तर मिळालं तर पसंतीक्रमात ती संस्था खाली ढकला.

हे इतकं का सांगते? दुसऱ्या सत्रात मी एका सरकारी रुग्णालयात होते. डायलिसिसवरच्या एका पेशंटला सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड हवं होतं. त्याचं नाव गावाकडच्या कार्डावर, भावाच्या कुटुंबात. भावाशी वाटणीवरून बोलणं बंद. मी वहीत लिहिलं, ‘कागदपत्रं अपूर्ण, पाठपुरावा करणे.’ समाजसेवा अधीक्षक असलेल्या मॅडमनी समासात लाल पेनाने विचारलं, ‘भावाला फोन कोणी केला?’ कोणीच केला नव्हता. त्या एका ओळीतून मी जे केसवर्क शिकले, ते नोट्समधून शिकले नसते.

क्षेत्राचं गणित

रुग्णालयातलं काम सुरुवातीला कारकुनी वाटतं: उत्पन्नाचा दाखला, आधार, योजनेचा अर्ज. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. त्या मिळवून देताना नियम, प्रशासन आणि घरातली भांडणं एकाच टेबलावर येतात. घाईघाईने सगळं शिकायचं असेल तर याहून बरी जागा नाही.

वस्तीतलं काम उलट्या घड्याळावर चालतं. सकाळी पाण्याची आणि कामाला जायची घाई, बायका भेटतात दुपारी, पुरुष सहानंतर. तुमचं हॉस्टेल आठला गेट लावत असेल तर हा हिशेब आधी करा. भाषेचाही करा. लातूरहून मुंबईला आलेल्या मुलीला गोवंडीत हिंदीतच बोलावं लागतं, आणि गडचिरोलीत माडिया-गोंडी येत नसेल तर सोबतच्या कार्यकर्त्यावर अवलंबून राहावं लागतं. यामुळे जाऊ नका असं नाही, पण पहिला महिना नुसता ऐकण्यात जाईल हे धरून चाला.

निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) किंवा बालगृह (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी) हवं असेल तर परवानगीचं पत्र कुठवर आलंय ते कोऑर्डिनेटरना विचारा. महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयातून ते यायला वेळ लागतो आणि तेवढे आठवडे तुमच्या तासांतून जातात. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये नाव नाही, गावही नाही. मुलांसोबतचे सेल्फी तर नाहीतच.

पोलीस ठाण्यातले महिला व मुलांसाठीचे विशेष सेल १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांच्या पुढाकारातून सुरू झाले. तिथे पहिले काही आठवडे बाजूला बसून ऐकावं लागतं आणि ते बरोबरच आहे. नवरा-बायकोच्या बैठकीत बावीस वर्षांच्या मुलाने मध्येच सल्ला देऊ नये.

सीएसआरची (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या कामाची) हौस असणाऱ्यांसाठी एकच सूचना. कंपनी कायदा २०१३ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे नोकऱ्या आहेत हे खरं. पण प्लेसमेंट कॉर्पोरेट ऑफिसात घेण्यापेक्षा कंपनीच्या पैशावर गावात काम करणाऱ्या संस्थेत घ्या. पैसा कुठे अडतो ते तिथेच दिसतं.

स्वतःकडेही बघा

घरात दारूचा त्रास भोगलेली मुलं व्यसनमुक्ती केंद्राकडे ओढली जातात. पुढे त्यातलीच काही उत्तम समुपदेशक होतात. तरी पहिल्या वर्षी ही निवड करण्याआधी कॉलेजातल्या फॅकल्टी सुपरवायझरशी मोकळेपणाने बोला. समोरच्या माणसात सारखे स्वतःचे वडील दिसू लागले तर त्याचं ऐकू येत नाही.

प्रवास आणि सुरक्षितता

विरारहून गोवंडी जमते, पण आठवड्यात दोनदा, पावसाळ्यात आणि गृहभेटींसकट जमते का ते बघा. प्रवासखर्च कोण देतं, गृहभेटीला सोबत कोण येतं, संस्थेत अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतात. ‘तू तर स्टुडंट आहेस’ हे उत्तर चालत नाही.

फॉर्म भरताना

कारणाच्या रकान्यात ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असं लिहू नका, सगळ्यांनी तेच लिहिलेलं असतं. ‘पहिल्या वर्षी वस्तीत काम केलं, आता संस्थेतल्या नोंदी आणि कायदेशीर प्रक्रिया शिकायच्या आहेत’ असं लिहिलं की कोऑर्डिनेटरला तुम्हाला कुठे बसवायचं ते कळतं. दोन्ही वर्षं एकाच प्रकारच्या संस्थेत काढू नका.

आणि चुकलंच तर

पहिल्या चार आठवड्यांत बोला. परीक्षेच्या तोंडावर कुणी एजन्सी बदलून देत नाही. आयसीला (फॅकल्टी सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक चर्चेला) जाताना रेकॉर्डिंगची वही घेऊन जा आणि कुठल्या दिवशी किती तास काय केलं ते उघडून दाखवा. ‘मन लागत नाही’ म्हटलं की समजूत काढून परत पाठवतात. ‘फील्डवर्कच्या आठ दिवसांत एकाही कुटुंबाला भेटलो नाही’ म्हटलं आणि तारखा समोर ठेवल्या की एजन्सीला फोन जातो.