लेई यू मुनला दहा-बारा जणांना मासे खायला नेण्यापूर्वीची तयारी

हाँगकाँगला आलेल्या पाहुण्यांना लेई यू मुन या मासळीसाठी नावाजलेल्या किनाऱ्यावरच्या वस्तीत मासे खायला न्यायचे ठरले, की पहिले काम एकच: गटात जो कोणी मासे-मटण खात नसेल, त्याच्यासाठी चिनी अक्षरांत चिठ्ठी लिहून घ्यावी. टेबल राखून ठेवणे, रस्ता विचारणे, पैशांची जुळवाजुळव ही कामे ऐन वेळीही उरकतात. चिठ्ठीचे तसे नाही. मागच्या खेपेला मी ती लिहून घेतली नव्हती. पुण्याहून आलेल्या अकरा जणांत माझी आत्या होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि माळ घातल्यापासून तिने मासळीला हात लावलेला नव्हता. तिच्यासाठी आम्ही शेजारच्या टेबलावर दिसलेली नाळीची भाजी बोट दाखवून मागवली. भाजी हिरवीगार होती, वर लाल मिरचीचे तुकडे होते, आणि आत्याने ती दोनदा वाढून घेतली. तिसऱ्यांदा वाढताना माझ्या चुलतभावाला वास आला, देठांना चिकटलेला करडा-जांभळट लगदा दिसला, आणि विचारल्यावर वाढप्याने मोठ्या कौतुकाने ‘हा च्योंग’ असे सांगितले. हा च्योंग म्हणजे मिठात आंबवलेल्या बारीक कोळंबीचा लगदा. आपल्याकडचा जवळा असतो त्याच जातकुळीची ती कोळंबी. आत्या कोणाला काही बोलली नाही. तिने काड्या खाली ठेवल्या आणि ती चूळ भरायला उठली.

चिठ्ठीत ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. कँटोनीज स्वयंपाकात भाजी ही भाजीच असते, पण ती कशात शिजवली हा प्रश्न निराळा. काय चालत नाही ते एकेका ओळीत लिहावे: मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी व तिची पेस्ट नाही, सुकवलेले शिंपले नाहीत, ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस नाही, कोंबडी, डुक्कर किंवा हॅमचे पाणी नाही, डुकराची चरबी नाही, अंडे नाही. माळकरी माणसासाठी आणखी एक ओळ हवी, कारण परतताना कढईत तांदळाच्या दारूची धार सोडण्याची तिथे सर्रास पद्धत आहे. ‘जाइ’ हा शब्दही घालावा. बौद्ध पद्धतीच्या शाकाहाराला कँटोनीजमध्ये जाइ म्हणतात, आणि काटेकोर जाइमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे आपल्या एकादशीवाल्यांना तो सोयीचा पडतो. पण केवळ जाइ म्हणून थांबू नये. नववर्षाच्या जाइमध्ये सुकवलेली कालवे घालणारी घरे तिकडे आहेत आणि कालव जाइला चालते असे मानणारेही पुष्कळ आहेत. म्हणून ऑयस्टर सॉसची ओळ वेगळी लिहायची म्हणजे लिहायचीच.

अक्षरे हाँगकाँगमध्ये चालणाऱ्या पारंपरिक वळणाची असावीत. फोनवरच्या भाषांतरावर विसंबू नये. ऑफिसातल्या किंवा इमारतीतल्या एखाद्या स्थानिक माणसाकडून ती लिहून आणि वाचून घ्यावी. प्रती दोन काढाव्यात. एक ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनच्या हातात द्यावी आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडून होकार घ्यावा. दुसरी टेबलावर ठेवावी, म्हणजे थाळी आल्यावर ती दाखवून पुन्हा विचारता येते. कढई घासून घ्यायला सांगावे. आले घालून मिठात परतलेली पालेभाजी, साधा भात, आणि सॉस न घातलेले वाफवलेले टोफू एवढे मिळाले तरी माणूस समाधानाने जेवतो. नाळीची भाजी आंबवलेल्या टोफूत, म्हणजे फू यूमध्येही करतात आणि ती चविष्ट लागते. पण फू यूत बहुधा तांदळाची दारू असते, त्यामुळे ती माळकऱ्याला देऊ नये.

आता माशांकडे. लेई यू मुनची रीत अशी, की समोरच्या दुकानांतल्या टाक्यांमधून जिवंत मासळी विकत घ्यायची आणि ती शिजवायला शेजारच्या हॉटेलात द्यायची. दुकानाचे पैसे वेगळे, शिजवणावळ वेगळी. नेमके इथेच घोटाळा होतो. सगळा गट टाक्यांपाशी गर्दी करतो, कोणी शेवंड दाखवतो, कोणी खेकडा, लहान मुले पाण्यात हात घालू बघतात, आणि न खाणारे माणूस मागे पिशव्या सांभाळत उभे राहते. आमचेही असेच झाले. तेव्हा आधी हॉटेलात जाऊन चिठ्ठी द्यावी, भाजी सांगावी, आणि मगच टाक्यांकडे वळावे. हा क्रम उलटा करू नये.

भाव कॅटीवर सांगतात. हाँगकाँगची कॅटी सुमारे ६०५ ग्रॅमची असते आणि तिचे १६ टेल होतात. चीनच्या मुख्य भूमीवरची ५०० ग्रॅमची, म्हणून शेन्झेनला जेवून आलेल्यांचा हिशेब चुकतो. पाटीवर ‘बाजारभाव’ एवढेच लिहिलेले असेल तर आकडा विचारावा. मासा निथळून काट्यावर ठेवायला लावावा, वजन, दर आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी, आणि शिजवणावळ माणशी आहे की वजनावर हेही तेव्हाच विचारावे. एकदा मासा साफ झाला की बोलायला काही उरत नाही.

दहा-बारा जणांना कॅटी-दीड कॅटीचा एक हेकरू पुरतो, कारण सोबत बाकीचे पदार्थ असतात. तो अख्खाच वाफवून घ्यावा. आले, पातीचा कांदा, सोया सॉस आणि वरून कडकडीत तेल, याहून अधिक काही त्याला नको. मसाला नाही म्हणून पाहुणे कुरकुरतील, पण काट्यालगतचे मांस जेमतेम सुटेल इतकाच शिजवलेला ताजा मासा रश्श्यात बुडवण्यात अर्थ नाही. कोळंबी नुसती उकडून, लसूण-शेवयांवर वाफवलेले स्कॅलॉप, आणि तिखटाची हौस असेल तर भरपूर तळलेल्या लसणातला खेकडा. कोणाला शिंपल्यांची ॲलर्जी असल्यास तीही चिठ्ठीतच लिहावी.

टेबलावर फिरती चकती असते. न खाणाऱ्याची थाळी तिच्यावर ठेवू नये, थेट त्याच्या पुढ्यात ठेवावी, नाहीतर खेकड्यातला चमचा फिरत फिरत तिच्यात जातो. वाढायच्या काड्या वेगळ्या असतात, त्याच वापराव्यात. चहाने वाट्या विसळतात, किटलीचे झाकण तिरपे ठेवले की पाणी भरून मिळते. मासा उलटू नये, होडी उलटते असे तिथे मानतात. वरचे मांस संपले की काटा उचलून काढावा.

बिलात माणशी चहा, सुरुवातीचे शेंगदाणे आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क धरलेले असते. रोख रक्कम जवळ असावी. परतीला याउ टोंग स्थानक चालत गाठता येते. निघताना कॅप्टनकडची चिठ्ठी आठवणीने परत मागून घ्यावी. तिच्या पाठीवर त्याने त्या दिवशी कोणती भाजी करून दिली ते लिहून ठेवावे.