जेलवर २६, खरं १

प्रोटीन डीएनएला किती घट्ट धरतं हे मोजायचं काम आलं तेव्हा जेल शिफ्ट मला फारच सोपं वाटलं होतं. जेलीसारख्या थराला वीज लावली की मोकळा डीएनए त्यातून भराभर पुढे पळतो, प्रोटीन चिकटलेला मागे रेंगाळतो. दोन बँड मोजा, आलेख काढा. १९८१ पासून लोक हेच करतायत, त्यात चुकणार काय?

प्रोब, म्हणजे खूण लावलेला डीएनएचा तुकडा, घेतला ५० नॅनोमोलर (द्रावणात किती आहे ते मोजायचं एकक), कारण बँड ठळक येतो. प्रोटीन वाढवत नेलं, २६ नॅनोमोलरला अर्धा डीएनए बांधला गेला. वहीत लिहिलं, केडी (पकडीचा आकडा, जितका लहान तितकी पकड घट्ट) २६. मग डीएनएला भिडणारं एक अमिनो आम्ल बदललेलं प्रोटीन लावलं, तर २८. जेलवर दोनचा फरक कोण धरतो? बदलाचा परिणाम नाही, असं मी मीटिंगमध्ये सांगूनही टाकलं. एका सीनियरनं एवढंच विचारलं, "प्रोब किती होता?"

केडी म्हणजे अर्धा डीएनए बांधलेला असताना जेवढं प्रोटीन *मोकळं* उरतं, ते. ५० चा अर्धा डीएनए व्यापायलाच २५ नॅनोमोलर प्रोटीन खर्च होतं. २६ मधून २५ गेले, राहिला १. दुसऱ्याचे ३. म्हणजे तिपटीचा फरक होता आणि मी मोजत होतो स्वतःचाच प्रोब! मात्र अशी वजाबाकी करून आकडा छापू नका, पिपेटची जराशी चूक तो गिळून टाकते. प्रोब ०.१ नॅनोमोलरवर आणून प्रयोग पुन्हा केला. बँड इतके फिके पडतात की किरणोत्सारी फॉस्फरस किंवा चांगला फ्लुओरोसंट रंग लागतोच.

दुसरी घाई वेळेची. घट्ट बसणारं प्रोटीन सावकाश सुटतं. सुटण्याचा वेग सेकंदाला ०.००१ असेल तर अर्ध्या जोड्या सुटायला साडेअकरा मिनिटं लागतात, आणि प्रोटीन कमी असलेल्या नळ्यांना समतोल गाठायला तासभर. तेच मिश्रण २० मिनिटांनी आणि २ तासांनी चालवून बघा. आलेख सरकला तर पहिला विसरा.

बफरमधलं मीठ केडीशेजारी लिहाच, ते वाढलं की पकड बहुधा सैल होते. जेल थंड ठेवा. दोन बँडच्या मधे धूसर पट्टा दिसला तर जोड्या वाटेतच सुटतायत असं समजा. तेव्हा फ्लुओरोसन्स अॅनिसोट्रॉपी बरी (चमकणारा प्रोब द्रावणात किती सावकाश फिरतो ते बघायचं), तिथे बांधलेला आणि मोकळा डीएनए एकमेकांपासून वेगळे काढावे लागत नाहीत. पण तिला साधारण नॅनोमोलरभर प्रोब लागतो, म्हणजे फार घट्ट जोडीला माझीच चूक परत. प्रोटीन नेमकं कुठे बसतं हे विचारायचं असेल तर डीएनेज फुटप्रिंटिंग: डीएनए कापणारं एन्झाइम प्रोटीननं झाकलेली जागा सोडून देतं.

प्रोब मुद्दाम जास्त ठेवण्याचाही एक उपयोग आहे, तो मला उशिरा कळला. तो केडीच्या कितीतरी वर ठेवला की किती प्रोटीन घातल्यावर डीएनए पुरता भरतो ते दिसतं, त्यावरून नळीतलं किती प्रोटीन खरंच काम करतंय ते कळतं. एकास एक बसणाऱ्या प्रोटीनला ५० डीएनए भरायला १०० लागलं, तर अर्धं निकामी. माझ्या त्या जुन्या जेलचा फोटो मी आता याच कामासाठी वापरतो.