जिओकॅशिंगला मुलांना नेताय? या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा, म्हणजे 'कॅश', जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या मराठी मंडळींना त्याचं वेड लागावं यात नवल नाही, खेळ मुळात इथलाच. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे को-ऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवर टाकले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, हा नियम तेव्हापासूनचा. चुकाही ठरलेल्याच. दर उन्हाळ्यात नवी कुटुंबं येतात आणि त्याच उत्साहाने करतात.

को-ऑर्डिनेट्स घालताना टिंब कुठे देता ते बघा

जिओकॅशिंगमध्ये ठिकाण अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात: उत्तर ४५° ३२.५००, पश्चिम १२२° ४३.५००. साध्या कॅशला ॲपच वाट दाखवतं, म्हणून हे कोणी नीट वाचत नाही. टप्प्याटप्प्याने शोधायच्या मल्टी-कॅशमध्ये मात्र पहिल्या जागेवरच्या पाट्यांवरून आकडे जमवून पुढचं ठिकाण स्वतः घालावं लागतं, आणि तिथे गाडं रुततं.

ओळखीतलं एक कुटुंब, पुण्याहून आलेले आजी-आजोबा धरून सहा जण, फॉरेस्ट पार्कमध्ये गेलं. पहिला टप्पा झटक्यात सुटला. बाबांनी नकाशात घातलं: ४५.३२५००, -१२२.४३५००. अंशाची खूण गेली, तिथे टिंब आलं, आणि मिनिटांचे झाले अंशाचे दशांश. नकाशाने तक्रार केली नाही, तो कशाला करेल? लेक मागच्या सीटवरून सांगत होती की कॅशच्या पानावर 'सगळे टप्पे पायी' असं लिहिलंय. तिला 'जरा गप्प बस' एवढं उत्तर मिळालं. पाऊण-एक तासाने सगळे क्लॅकमस काउंटीत, ख्रिसमस ट्रीच्या शेताच्या कुंपणाशी. आजोबांनी शांतपणे विचारलं, "यातल्या कुठल्या झाडाखाली बघायचं?" मग मला फोन. सरळ रेषेत तेहेतीस किलोमीटरची चूक! गंमत म्हणजे उल्मरांच्या बादलीची मूळ जागा तिथून चार-पाच किलोमीटरवरच होती. आता तिथे स्मारकाची पाटी आहे. म्हटलं, गेलाच आहात तर ती तरी बघून या. बाबा फुगले होते, गेले नाहीत.

मी आकडे आधी कागदावर लिहिते आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घेते. नकाशात ४५ ३२.५००, -१२२ ४३.५०० असं, मध्ये टिंब नाही तर मोकळी जागा सोडून घालते. (पश्चिमेसाठीचं उणे चिन्ह विसरलात तर थेट ईशान्य चीन.) निघण्याआधी नवा बिंदू आपल्यापासून किती लांब पडलाय ते बघते. पायी जाण्याच्या पलीकडे असेल तर गाडीची किल्ली काढायची नाही, आकडे परत तपासायचे.

शून्य मीटरचा नाद सोडा

फोनवर शून्य दिसेपर्यंत झुडपांत गोल गोल फिरणारे बाबालोक मला लांबूनच ओळखू येतात. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं, डग्लस फरच्या दाट रानात त्याहून बरंच जास्त. डबा लपवणाऱ्याच्या मोजणीतही तशीच खोट असते. त्यामुळे शून्यावर बहुधा काहीच नसतं. दहा मीटर उरले की मी सगळ्यांचे फोन खिशात टाकायला लावते आणि मुलांना विचारते, इथे आपोआप झालेलं नाही असं काय दिसतंय? एका रांगेत पडलेल्या काटक्या, ढोलीच्या तोंडाशी नीट टेकवलेला सालीचा तुकडा. मुलांना हे आपल्याआधी दिसतं. पाच मिनिटांत कंटाळून हिंट उघडतात ते आईबाबा, आणि अशा घाईच्या माणसांबरोबर मी जात नाही.

पहिल्याच दिवशी नॅनो शोधायला नेऊ नका. बोटाच्या पेराएवढी ती डबी, त्यात ना खेळणं ना काही, मुलं परत येणार नाहीत. कॅशच्या पानावर आकार 'रेग्युलर', अवघडपणा आणि चढ-उतार दोन्ही पाचपैकी दीडपर्यंत, एवढं बघून निवडा. पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाचा पत्रा उचलून मिळणाऱ्या डब्यांवर आपल्या सापडलेल्या कॅशचा आकडा वाढवायची हौस असेल तर एकट्याने भागवा. मुलांना त्या शनिवारची आठवण राहते ती फक्त सीटबेल्टची.

डब्यात नंबर कोरलेली धातूची पट्टी अडकवलेलं खेळणं दिसलं तर तो ट्रॅव्हल बग. तो पुढच्या डब्यात पोचवायचा असतो, घरच्या कपाटात नाही. पुढे नेणं जमणार नसेल तर हात लावू नका.

चिक्की, चॉकलेट, गोळ्या डब्यात ठेवायच्या नाहीत. आजींना वाईट वाटतं, पण रकून नावाचं रानटी जनावर वासावर येतं आणि डबा फोडतं.

डब्यातल्या वहीत नाव लिहायला पेन नको, पेन्सिल घ्या. इथल्या ओल्या कागदावर पेन चालत नाही.

डबा होता तिथे, होता तसाच ठेवा. 'इथे जरा जास्त छान लपेल' म्हणून हलवला की पुढच्या दहा जणांचा दिवस फुकट.

आणि हाफ पँटवर झुडपांत शिरण्याआधी पॉयझन ओक, म्हणजे लागलं की अंगावर खाज-पुरळ उठवणारं झुडूप, ओळखायला शिका: एका देठाला तीन पानं, शरद ऋतूत लालभडक. त्याचं तेल कपड्यांवर, बुटांवर, कुत्र्याच्या केसांवरही राहतं. लागल्याची शंका आली तरी त्वचा लगेच साबणाने खसखसून धुवा, कपडे वेगळे धुवायला टाका, आणि मूल हात धुवेपर्यंत त्याला तोंडाला हात लावू देऊ नका.