'बर्न'ला शेपूट लावताना या चुका टाळा

गोव्यात म्हापशातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात दर बॅचला कोणीतरी विचारतंच, "टीचर, बर्न डाऊन, बर्न आऊट, बर्न अप... सगळ्यांचा अर्थ जळणंच ना? मग कुठलंही एक लावलं तर काय बिघडलं?"

काय बिघडतं ते ऐका. माझा पेडण्याकडचा एक विद्यार्थी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात रिसेप्शनवर लागला. पोर हुशार, पण पायाला भिंगरी. दीड महिन्यात "आता बोलायला येतं, टीचर" म्हणून वर्गाला रामराम ठोकला. एका दुपारी एका ब्रिटिश पाहुण्याच्या बाथरूममधला गीझर जळाला. इलेक्ट्रिशियन आला, गीझर काढून घेऊन गेला. मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांना दुसरी खोली दे. पाहुणे नवरा-बायको किनाऱ्यावर शॅकमध्ये बसलेले. आमच्या पोरानं फोन लावला आणि मी शिकवलेल्या सगळ्या नम्रतेनं सांगितलं, "सर, युवर बाथरूम बर्न्ड डाऊन. वुई विल गिव्ह यू अनदर रूम."

इंग्रजाच्या कानाला याचा अर्थ एकच: बाथरूम जळून कोसळलं, राख झाली. पासपोर्ट, तिकिटं, पैसे सगळं खोलीत. तो गृहस्थ ओल्या चड्डीत, अनवाणी, आधी तापलेल्या वाळूतून आणि मग डांबरावरून धावत आला. बघतो तर हॉटेल जागच्या जागी, आणि हा हसतमुखानं नवी किल्ली पुढे करतोय! त्या दुपारी माणसाचं काही बर्न झालं असेल तर ते त्याचे तळवे, आणि तळव्यांना डाऊनही लागत नाही, आऊटही लागत नाही.

चूक इंग्रजीची कमी आणि मराठी विसरल्याची जास्त. हे आपणही करतोच की. घर जळून जातं, कागद जाळून टाकतो, बल्ब उडतो, भात करपतो, हात पोळतो. आपण क्रियापद बदलतो नाहीतर मागे 'जाणे', 'टाकणे' जोडतो. इंग्रज 'बर्न' तेच ठेवून शेपूट बदलतो. मी यादी पाठ करायला देत नाही. एकच प्रश्न विचारते: जळून झाल्यावर उरलं काय?

उभी वस्तू जमीनदोस्त झाली तर डाऊन. घर, गोदाम, शॅक, शाळा. 1666 सालच्या लंडनच्या आगीत सेंट पॉलचं जुनं कॅथेड्रल गेलं, त्याला बर्न्ड डाऊन म्हणायचं. सांगाडा शाबूत पण आतला जीव गेला तर आऊट. बल्ब, मोटर, गीझर, क्लचप्लेट. आग लागून नुसता पत्रा उरलेली गाडी रस्त्याकडेला दिसते ना, तीही बर्न्ट-आऊट कार. काहीच उरलं नाही तर अप: उल्का वातावरणात शिरून बर्न अप होते, रॉकेटचं इंधन बर्न अप होतं. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून "ही इज बर्निंग अप" म्हणतात, तिथे मात्र माझा प्रश्न लंगडा पडतो. ते वाक्य सरळ लक्षात ठेवा. घर बर्न अप झालं असंही कधी कानावर येतं, त्यात विशेष चूक नाही. पण नवशिक्यानं डाऊनवरच थांबावं.

मेणबत्तीला दोन्ही चालतात, पण क्रमानं. खुरसाजवळ, म्हणजे क्रॉसजवळ, लावलेली मेणबत्ती जळत जळत बुटकी झाली, ती बर्न्ड डाऊन. मेण संपून विझली, ती बर्न्ड आऊट.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे 'इट'. "दे बर्न्ड डाऊन इट" हे वाक्य मी इतक्या वेळा लाल शाईनं खोडलंय की पेनं संपली. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: "बर्न्ड डाऊन द हाऊस", "बर्न्ड द हाऊस डाऊन". पण इट, देम आले की त्यांना मधेच बसवायचं: "बर्न्ड इट डाऊन". कारण विचारू नका, जिभेला वळण लावा. मी वीस वेळा मोठ्यानं म्हणायला लावते. पोरं हसतात, पण आठवड्यानं बरोबर बोलतात. सात दिवसांत पन्नास फ्रेजल व्हर्ब, म्हणजे अशी शेपूटवाली क्रियापदं, शिकवणारे रील्स बघणाऱ्यांना हे वीस वेळा म्हणणं जड जातं. त्यांना मी अडवत नाही.

दिवाळीनंतरच्या निबंधात हमखास येणारं वाक्य: "वुई बर्न्ड डाऊन नरकासुर." नरकासुर काय इमारत आहे? गवताचा, कागदाचा पुतळा पहाटे जाळला, नुसतं "बर्न्ट" पुरे.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. त्यावर एकीनं लिहिलं, "द फायर बर्न्ड आऊट बाय हेलिकॉप्टर." हेलिकॉप्टरनं विझवली तर पुट आऊट. जाळायला काही उरलं नाही म्हणून आग आपणहून शमली, तरच "बर्न्ड इटसेल्फ आऊट". दोन्हींत आऊट आहे म्हणून अदलाबदल करू नका.

माणसाचंही बर्न आऊट होतं ते याच अर्थानं: माणूस उभा, आतलं संपलेलं. कामामुळे येणाऱ्या थकव्याला हा शब्द 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या लेखामुळे रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आजार नव्हे. तेव्हा शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जात बर्नआऊट लिहू नका. आणि "आय अॅम बर्न आऊट" तर नकोच. "बर्न्ट आऊट". तो शेवटचा ट खाऊ नका.

बर्न्ट की बर्न्ड? दोन्ही बरोबर. एक धरा आणि सोडू नका.

बर्न ऑफ: धुकं विरतं, चरबी झडते. बर्न थ्रू: पैसे उडतात, पगाराच्या पहिल्या आठवड्यात.

हॉटेलातला तो मुलगा परवा बाजारात भेटला. म्हटलं, आता गीझर जळाला तर काय सांगतोस? म्हणाला, "द गीझर इज नॉट वर्किंग, सर." म्हटलं, शंभर टक्के बरोबर.